काळ, काम, वेग आणि आईची रीत

मंडळाच्या शुक्रवारच्या गणिताच्या वर्गात मागे एक छोटासा प्रसंग घडला. आठवीतल्या मुलांना आम्ही फळ्यावर एक उदाहरण घातले होते. मस्कत ते सलाला हे अंतर १००० किलोमीटर धरा. एक गाडी मस्कतहून ताशी ११० किलोमीटर वेगाने निघाली, दुसरी त्याच वेळी सलालाहून ताशी ९० किलोमीटर वेगाने निघाली. त्या एकमेकींना किती तासांनी भेटतील? मुले वहीत डोके घालून बसली होती. एका मुलाची आई त्याला न्यायला थोडी लवकर आली होती. तिने फळ्याकडे पाहिले आणि सहज म्हणाली, "पाच तास."

मुलगा वैतागला. "आई, असं नाही चालत. आधी एक्स धरावा लागतो. मग समीकरण. पायऱ्या नसल्या तर मार्क नाहीत."

"आमच्या वेळी काळ-काम-वेगाची गणितं अशीच करायचो रे," एवढेच बोलून ती मागच्या खुर्चीवर जाऊन बसली. नंतर वर्ग सुटेपर्यंत ती काही बोलली नाही.

तिचे ते गप्प बसणे आम्हाला लागून राहिले. उत्तर तिचे बरोबर होते आणि रीतही बरोबर होती. पण मुलाच्या मनात मात्र आईचे गणित 'गावचे' आणि शाळेचे गणित 'खरे', अशी वाटणी होऊन बसली होती. परदेशात वाढणाऱ्या मुलांच्या बाबतीत ही वाटणी फक्त गणितात होत नाही, हे आपण सगळेच जाणतो. म्हणून आम्ही ठरवले, की या दोन्ही रीतींची कुळकथा एकदा नीट पाहावी. जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवत आहोत.

आईने काय केले ते आधी पाहू. दोन्ही गाड्या मिळून तासाला ११० अधिक ९०, म्हणजे २०० किलोमीटर अंतर कापतात. मग १००० ला २०० ने भागले, पाच तास. दोघे समोरासमोर येत असतील तर वेगांची बेरीज घ्यावी, एकाच दिशेने जात असतील तर वजाबाकी घ्यावी, आणि मधल्या अंतराला तिने भागावे. हा नियम आर्यभटाने इसवी सन ४९९ मध्ये रचलेल्या 'आर्यभटीय' ग्रंथाच्या गणितपादात जवळजवळ याच शब्दांत दिला आहे. त्याला तो हवा होता ग्रहांसाठी. आकाशात दोन ग्रह एकमेकांना केव्हा भेटतील हे काढायचे, तर एक वक्री आणि एक मार्गी असताना गतियोग म्हणजे वेगांची बेरीज, आणि दोन्ही एकाच दिशेने जात असताना गत्यंतर म्हणजे वेगांतला फरक. ग्रहांसाठी केलेला नियम पुढे वाटसरूंना लागू झाला, आणि आता टोयोटांना लागू होतो. आईची रीत दीड हजार वर्षांची आहे.

या जातीची उदाहरणे फार जुनी आणि सर्वदूर पसरलेली आहेत. १८८१ साली आजच्या पाकिस्तानात मरदानजवळ बख्शाली नावाच्या गावी भूर्जपत्रांवर लिहिलेले एक गणिताचे हस्तलिखित सापडले. ते आता ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. त्याच्या काळाबद्दल विद्वानांत एकमत नाही, पण त्यातले एक उदाहरण आपल्या पाचवीच्या पुस्तकात शोभावे असे आहे. एक माणूस रोज ५ योजने चालतो. तो निघून सात दिवस झाल्यावर दुसरा निघतो आणि रोज ९ योजने चालतो. दुसरा पहिल्याला कधी गाठेल? पहिला ३५ योजने पुढे आहे, रोजचे गत्यंतर ४ योजनांचे, म्हणून उत्तर पावणेनऊ दिवस. चीनमधल्या 'नऊ प्रकरणे' या प्राचीन ग्रंथात चपळ आणि मंद असे दोन चालणारे आहेत. युरोपात इसवी सन ८०० च्या सुमारास आल्क्विनच्या नावावर असलेल्या संग्रहात सशामागे धावणारा कुत्रा आहे. दोघांत दीडशे फुटांचे अंतर, कुत्र्याची झेप नऊ फुटांची, सशाची सात फुटांची. एका झेपेला दोन फूट कमी होतात, म्हणून ७५ झेपांत ससा सापडतो. वाटसरू, ससा, आगगाडी, विमान, असे वाहन तेवढे बदलत गेले. हिशेब तोच राहिला.

आता 'त्रैराशिक' या शब्दाकडे वळू. आपल्यापैकी जे मराठी शाळेत शिकले त्यांना तो शब्द ऐकला की अजूनही खडूचा वास येतो. तीन राशी माहीत, चौथी काढायची. त्यांची जुनी नावे प्रमाण, फल आणि इच्छा. दोन तासांत (प्रमाण) दीडशे किलोमीटर (फल), तर पाच तासांत (इच्छा) किती? फलाला इच्छेने गुणा आणि प्रमाणाने भागा, ३७५ किलोमीटर. ही रीत 'आर्यभटीया'त आहे, ब्रह्मगुप्ताकडे आहे, आणि भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त तर तिचा फार मोठा विस्तार आहे. अरबी जगालाही तिचे अप्रूप होते. अल-बिरूनी (९७३ ते १०४८) या थोर विद्वानाने हिंदुस्थानातल्या त्रैराशिकावर अरबीत स्वतंत्र पुस्तिका लिहिली. तेव्हा मुलांनी ओमानमध्ये बसून त्रैराशिक शिकणे यात परके असे काही नाही. या विद्येचे येथल्या भाषेशी हजार वर्षांचे नाते आहे.

भास्कराचार्य आपल्याला विशेष जवळचे. त्यांचा जन्म शके १०३६ म्हणजे इसवी सन १११४ चा. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० साली, त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' रचला. 'लीलावती' आणि 'बीजगणित' हे त्याचेच भाग. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण येथे एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून मठ स्थापन केला, त्याची नोंद त्यात आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ साली तो उजेडात आणला. आजोबांचे गणित विसरले जाऊ नये म्हणून नातवाने शाळा काढली. आमच्या मंडळाच्या वर्गाला याहून चांगला आदर्श मिळणार नाही.

'लीलावती' उघडली की सुरुवातीलाच मापांची कोष्टके आहेत. आठ यवांचे एक अंगुल, चोवीस अंगुलांचा एक हात, चार हातांचा एक दंड, दोन हजार दंडांचा एक क्रोश, चार क्रोशांचे एक योजन. आधी मापे आणि मग उदाहरणे, हा क्रम मुद्दाम आहे. आम्ही प्रयोगशाळेत काम करतो, तेथेही एकक न लिहिता नुसता आकडा कोणी लिहिला तर तो आकडा कचऱ्यात जातो. मुलांच्या वह्या तपासताना आम्हाला सर्वांत जास्त चुका याच ठिकाणी दिसतात. वेग तासाचा, वेळ मिनिटांत, आणि गुणाकार मात्र सरळ. समीकरण कितीही सुंदर मांडले तरी उत्तर चुकतेच.

मग मुलाचा एक्स कोठून आला? तोही घरचाच आहे. भास्कराचार्य अज्ञात राशीला 'यावत्तावत्' म्हणतात, म्हणजे 'जितके असेल तितके', आणि लिहिताना नुसते 'या' लिहितात. एकाहून जास्त अज्ञात असले तर पुढच्यांना रंगांची नावे देतात, काळक, नीलक, पीतक. त्यांच्याआधी सुमारे ८२० साली बगदादमध्ये अल-ख्वारिज्मीने जो ग्रंथ लिहिला, त्याच्या नावातल्या 'अल-जब्र' या शब्दावरून अल्जिब्रा हे नाव पडले. अरबी परंपरेत अज्ञाताला 'शै' म्हणजे 'वस्तू' म्हणत. येथल्या दुकानात हा शब्द आपण रोज ऐकतो. एक्स, वाय, झेड ही अक्षरे अज्ञातांसाठी रूढ झाली ती देकार्तच्या १६३७ च्या ग्रंथानंतर, आणि आपण मराठी शाळेत 'क्ष मानू' म्हणत आलो. म्हणजे या, शै, क्ष आणि एक्स ही एकाच पाहुण्याची चार नावे झाली.

तोंडी रीत जेथे अडते तेथे बीजगणित हात देते, हेही मुलांना सांगितले पाहिजे. मुंबई ते मस्कत हवाई अंतर सुमारे १६०० किलोमीटर आहे. सोपे जावे म्हणून असे धरू, की मुंबईहून विमान दहा वाजता निघाले आणि मस्कतला येथल्या अकरा वाजता उतरले. प्रवास एका तासाचा झाला का? नाही. येथले घड्याळ दीड तास मागे आहे, म्हणून प्रवास अडीच तासांचा. परत जाताना बारा वाजता निघाले आणि मुंबईत साडेतीनला पोहोचले, तर प्रवास साडेतीन तासांचा दिसतो पण खरा दोनच तासांचा. पश्चिमेकडून वाहणारा वारा जाताना मदत करतो आणि येताना आडवतो. आता विमानाचा स्वतःचा वेग किती आणि वाऱ्याचा किती? येताना ताशी ६४०, जाताना ८००. हे दोन आकडे म्हणजे विमान आणि वारा यांची वजाबाकी व बेरीज. दोन राशींची बेरीज आणि वजाबाकी माहीत असताना त्या राशी काढण्याच्या रीतीला 'लीलावती'त 'संक्रमण' म्हणतात. विमान ७२०, वारा ८०. नदीतल्या नावेचे जे उदाहरण आपण शाळेत केले, तेच हे.

आता थोडे आपण राहतो त्या देशाकडे पाहू. ओमानच्या समुद्रावर हे गणित वहीत नव्हते, हातात होते. अहमद इब्न माजिद हा जुल्फारचा, म्हणजे आजच्या रास अल खैमाचा, पंधराव्या शतकातला विख्यात नाखवा. वास्को द गामाला त्यानेच वाट दाखवली ही गोष्ट अनेकांनी ऐकलेली असते, पण आजचे अभ्यासक ती खरी मानत नाहीत. त्याची खरी कीर्ती त्याच्या ग्रंथांची. सुमारे १४९० साली त्याने नौकानयनावर जो मोठा ग्रंथ पुरा केला, त्यात ताऱ्यांची उंची बोटांनी मोजलेली आहे. त्या मापाचे नावच 'इसबा' म्हणजे बोट. पूर्ण वर्तुळाचे २२४ इसबा. आणि समुद्रावरचे अंतर 'झाम' या मापाने. एक झाम म्हणजे तीन तासांची वाटचाल, दिवसरात्रीचे आठ झाम. आपले अष्टौप्रहर आठवतात ना? आपला प्रहरही तीन तासांचाच, आणि संस्कृतात त्याला याम म्हणतात. नावातले साम्य डोळ्यांत भरण्यासारखे आहे.

या नाखव्यांचा नियम असा, की सरळ उत्तरेकडे आठ झाम गेले की ध्रुवतारा एक इसबा वर येतो. वाचकांनी कागद घेऊन करून पाहावे. ३६० अंशांना २२४ ने भागले तर एक इसबा सुमारे १.६ अंशांचा येतो. एका अंशाचे साठ समुद्री मैल, म्हणून एक इसबा म्हणजे सुमारे ९६ समुद्री मैल. ते चोवीस तासांत, म्हणजे ताशी ४ मैल. नियमात वेग कोठेच सांगितलेला नाही, तो अंतर आणि काळ यांच्या पोटात दडलेला आहे. पाचशे वर्षांपूर्वीच्या शिडाच्या जहाजाचा ठरीव वेग आपण आज एका भागाकाराने बाहेर काढला.

प्रत्यक्षात मात्र सरासरी फार खाली येते. अल बुस्तानजवळच्या चौकात उभे असलेले 'सोहार' जहाज आपण येताजाता पाहतो. सूर येथे जुन्या पद्धतीने, खिळे न वापरता काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून ते बांधले होते. टिम सेव्हरिन आणि त्यांचे सहकारी नोव्हेंबर १९८० मध्ये मस्कतहून निघाले आणि जुलै १९८१ मध्ये चीनमधल्या कँटनला पोहोचले. सुमारे सहा हजार मैल, साडेसात महिने. भागाकार केला तर दिवसाला सत्तावीस मैलांच्या आतबाहेर, म्हणजे ताशी मैलभरच. वाटेत बंदरांवर मुक्काम होते आणि वारा पडल्यावर वाट पाहणे होते. सरासरी वेगात थांबणेही मोजले जाते, हे मुलांना सांगायला या जहाजाइतके चांगले साधन नाही.

जमिनीवरही तेच. निझवाच्या फलज दारिसचे पाणी पाहायला आपली सहल जाते. ओमानचे पाच फलज २००६ साली जागतिक वारशाच्या यादीत घेतले गेले. फलजचे पाणी शेतकऱ्यांत वाटले जाते ते वेळेने. वाटणीच्या एका मापाचे नाव 'अथर', साधारण अर्ध्या तासाचे. दिवसा सावलीच्या घड्याळावर आणि रात्री ताऱ्यांवर ते मोजत. प्रवाहाचा वेग गुणिले वेळ बरोबर पाणी. हौद आणि नळांची जी गणिते आपल्याला शाळेत रडवत, ती येथे खजुराच्या बागा जगवत आली आहेत.

आपली भाषाही हे सगळे जाणते. 'मजल दरमजल करीत' असे आपण म्हणतो, तेव्हा अंतर दिवसांत मोजत असतो. ती मजल म्हणजे अरबी 'मंझिल', मुक्कामाची जागा. आणि ज्या पावसाळी दिवसांत आपण सारे सलालाला धावतो त्या येथल्या 'खरीफ'चा शब्द आपल्या शेतकऱ्याच्या तोंडी खरीप म्हणून कधीपासूनच आहे.

सलालाचा विषय निघालाच आहे, तर ज्यासाठी हा लेख लिहावासा वाटला ते शेवटचे गणित मांडतो. खरीफमध्ये आपली कितीतरी कुटुंबे गाडीने जातात. जेथे येण्याजाण्याला एकेकच पट्टी आहे अशा रस्त्यावर तुमच्या पुढे एक ट्रक ताशी ८० ने चालला आहे. तुम्ही ताशी १०० ने त्याला ओलांडता. ट्रकची लांबी आणि पुढचे-मागचे सुरक्षित अंतर धरून तुम्हाला ६० मीटर पुढे जायचे आहे. गत्यंतर ताशी २० किलोमीटर. ०.०६ ला २० ने भागा, ०.००३ तास, म्हणजे जवळजवळ अकरा सेकंद. तेवढ्या वेळात तुमची गाडी ३०० मीटर जाते. समोरून कोणी ताशी १०० ने येत असेल तर तोही ३०० मीटर येतो. गतियोग ताशी २००. म्हणजे ओलांडायला निघताना समोरचा रस्ता किमान ६०० मीटर मोकळा हवा, आणि ती फक्त नेमकी धडक टाळण्याची सीमा, त्यावर आणखी अंतर हवेच. उन्हात तापलेल्या रस्त्यावर, मृगजळात, सहाशे मीटर म्हणजे किती हे डोळ्याला कळत नाही. आर्यभटाचे दोन्ही नियम, वजाबाकीचा आणि बेरजेचा, या एका उदाहरणात एकत्र येतात, आणि उत्तर चुकले तर ते लाल शाईने दुरुस्त करता येत नाही.

घाईचाही हिशेब करून पाहावा. १०० किलोमीटर जायला ताशी १२० ने पन्नास मिनिटे लागतात, १४० ने त्रेचाळीस. वाचली सात मिनिटे. पण ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला लागणारे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे सुमारे ३६ टक्के जास्त. सात मिनिटांसाठी हा सौदा करायचा का, हे प्रत्येकाने ठरवावे.

ट्रकचे हे उदाहरण आम्ही पुढच्या शुक्रवारी वर्गात घातले, आणि त्या आईलाही मुद्दाम बोलावले. मुलाने एक्स धरून, पायऱ्या मांडून सोडवले. आईने वहीच्या कोपऱ्यात दोन ओळींत केले. उत्तर एकच आले. मग मुलाने विचारले, "आई, बाबांना सांगूया का हे? ते फार ओव्हरटेक करतात." आई हसली. आम्हालाही हसू आले, पण बाबांपर्यंत निरोप पोहोचला असेल अशी आशा आहे.

पालकांना आमची एकच विनंती. मुलांना शाळेची रीत नीट शिकू द्यावी, तिची गरज आहे. पण स्वतःची रीत गिळून टाकू नये. घरी मराठीत एक तरी उदाहरण तोंडी घालावे, पाव, अर्धा, पाऊण हे शब्द वापरून. ज्या पालकांना जुन्या शाळेतली अशी उदाहरणे आठवत असतील त्यांनी ती मंडळाकडे लिहून द्यावीत, वर्गात त्यांचा उपयोग होईल.

जाता जाता मुलांसाठी तीन उदाहरणे.

१. ('लीलावती'वरून) नऊ हात उंच खांबावर मोर बसला आहे. खांबाच्या तळाशी सापाचे बीळ आहे. खांबापासून २७ हातांवर साप आहे आणि तो बिळाकडे निघाला. मोराने तिरकी झेप घेतली. दोघांचा वेग सारखा. बिळापासून किती हातांवर मोर सापाला गाठेल?

२. ('लीलावती'वरून) शत्रूचे हत्ती पकडायला निघालेला राजा पहिल्या दिवशी २ योजने गेला. पुढे रोज सारख्याच प्रमाणात वाटचाल वाढवत सात दिवसांत त्याने ८० योजने पुरी केली. रोजची वाढ किती?

३. (चीनच्या 'नऊ प्रकरणां'वरून) चपळ माणूस १०० पावले टाकतो तेवढ्यात मंद माणूस ६० टाकतो. मंद माणूस १०० पावले पुढे आहे. चपळ माणूस किती पावलांत त्याला गाठेल?

उत्तरे: १) १२ हात. २) २२/७ योजने. ३) २५० पावले. उत्तरांकडे आधी पाहिले असेल तर आईबाबांना खरे सांगावे आणि रीत लिहून दाखवावी.